चुनीच्या माठातला हात

हे पत्र माझ्याजवळ सरकून बसल्यासारखं वाच. उंबऱ्यावर बसून अर्ध्या कानानं ऐकल्यासारखं वाचलेलं मला चालायचं न्हाई. आणि आधी माझी दोन बोलणी खाऊन घे, मंग बाकीचं. परवा आलीस तेव्हा तू काय म्हणालीस? "आजी, बाजारातल्या त्या माणसानं आम्हाला बराबर फसवलं. शेळ्या दाखवल्या वेगळ्या अन् गळ्यात मारल्या दुसऱ्या. सगळी करडं मरतुकडी निपजली." गोठा नवा, दावं नवं, शेळ्यांची वळखसुद्धा धड झाली नव्हती, आणि तुम्ही त्या माणसाला चोर म्हणून मोकळ्या. मी तुला विचारलं, गाभण असताना शेवटी शेवटी काय चारत होतीस? तर तू म्हणालीस, "चरायला जात होत्या की." हे काय उत्तर झालं, बाई?

मी शाळेत गेले न्हाई. अक्षरं उचलली ती लेकरांच्या पाटीवरून, चुलीपुढं बसून. त्यामुळं लिहिताना मी बोलल्यासारखीच लिहिते, चुकलं तर मनात दुरुस्त करून घे. पण शेळीचं आणि शकाचं, म्हणजे संशयाचं, मला माहीत आहे. माझ्या हातून झालंय म्हणून माहीत आहे.

तेव्हा आपल्याकडं निजामी होती. माझं माहेर बदनापूरकडचं, सासर पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडचं एक लहान गाव. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी गेले, आणि परत येताना आईनं गाडीच्या मागं दोन पाठी बांधून दिल्या. पाठ म्हणजे अजून न व्यालेली शेळी. दोघी एकाच आईच्या, एकाच वेताच्या. दोघी काळ्याभोर, आणि दोघींच्या उजव्या कानाला आमच्या माहेरची खूण, टोकाला कातरलेली खाच. आई म्हणाली, "ह्या तुझ्या. घरच्या न्हाईत, तुझ्या." त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच वस्तू होती, अंगावरची पोत सोडली तर.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंनी पाठी पाहिल्या, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एक राहू दे. दोघींना कोंडाया वाडगा उभा करायला जागा न्हाई, म्हैस बांधू का ह्या बांधू? दुसरी अर्धलीनं दे."

अर्धल म्हणजे शेळी आपली, सांभाळ दुसऱ्याचा, आणि होतील त्या करडांत निम्मी त्याची, निम्मी आपली. गावात बऱ्याच शेळ्या अशाच असायच्या. माझी दुसरी पाठ गेली घाण्यावरच्या काकूकडं. काकू विधवा होती. तिच्या दिराचा तेलाचा घाणा होता, त्याच्याच मागच्या बाजूला एका खोलीत ती राहायची. अंगानं एवढीशी, चिमणीसारखी. घरोघरी तेल पोचवायची, आमच्याकडं आठवड्यातून दोनदा यायची. तिला वाट्याचं करडू मिळालं की स्वतःची शेळी होणार होती, दिराच्या दारातली न्हाई, तिची.

दोघी पाठी एकाच बोकडाला लागल्या, एकाच आठवड्यात. पाच महिने गेले. आमच्या घरची व्याली तर दोन करडं झाली, मांजराएवढी. एकाला उभंच राहता येईना. आईच्या कासेत चीक म्हणावा तर थेंब थेंब. एक चौथ्या दिवशी गेलं. दुसरं जगलं, पण कसं जगलं ते त्याचं त्याला माहीत. आणि चार दिवसांनी काकूकडची व्याली. मी बघायला गेले. दोन करडं, टणटणीत, ओली असतानाच पाय झाडत उभी राहून लुचायला लागलेली. कास तर अशी भरलेली की शेळी पाय फाकवून उभी.

मी घरी येऊन जसं पाहिलं तसं सांगितलं. आत्याबाईंनी दळण थांबवलं.

"बहिणी-बहिणी ना ह्या?"

"हो."

"बोकड एकच?"

"एकच."

"मंग असं कसं व्हईल?" जात्याचा खुंटा सोडून त्या उठल्याच. "बदलली तिनं. वढ्यावर पाणी पाजायला दोन्ही एकत्र असतात. आपली धडधाकट तिच्या दाव्याला गेली अन् तिची रोडकी आपल्या गळ्यात आली. कानाची खूण दोघींची एकच! तुझ्या आईनं एक खूण तरी येगळी कराया पाहिजे व्हती."

हसू नको. तू त्या बाजारातल्या माणसाबद्दल हेच म्हणालीस.

आता मी म्हणेन की मी तेव्हाच ओळखलं होतं, तर ते खोटं होईल. पाठी माझ्या होत्या खऱ्या, पण त्या जन्मल्या तेव्हा मी सासरी होते. दोघींत फरक काय, तो मलाही नीट सांगता यायचा न्हाई. आणि रोज सकाळ-संध्याकाळ एकच गोष्ट कानावर पडली की ती आपल्याच मनातली वाटायला लागते. काकू तेल घेऊन आली की मी तिच्या हाताकडं बघायची, पायाकडं बघायची. ती हसली तरी वाटायचं, का बरं हसली ही?

आत्याबाई गेल्या काकूकडं आणि म्हणाल्या, शेळी बदलून दे. काकूनं एक शब्द विचारला न्हाई. म्हणाली, "ने की अक्का. दोन्ही तुमच्याच हायेत. कोणतीबी ठेवा माझ्याकडं." तिनं असं चटकन् दिली, त्याचाही आत्याबाईंना शक आलाच. "बघ, कशी मुकाट्यानं दिली. मनात चोर हाय म्हून."

अदलाबदल झाली; दोन्हीकडची करडं आत्याबाईंनी ठेवून घेतली, काकूचा वाटा पुढच्या वेतावर ढकलला. मी एक काम केलं, कुणाला न सांगता. काकूकडं जाणार होती त्या शेळीच्या शिंगावर, मुळाशी, फुटक्या बांगडीच्या काचेनं दोन आडव्या रेघा ओढल्या. शेळी आता पुन्हा बदलली तर मला कळणार होतं. म्हणजे बघ, शक नुसता सासूलाच होता असं न्हाई.

दुसऱ्या खेपेला दोघी गाभण राहिल्या. मी आठवड्यातून एकदा तेलाचं, ताकाचं निमित्त काढून काकूकडं जायची आणि शिंग बघायची. रेघा जागच्या जागी. पुढच्या आठवड्याला बघितलं, तरी जागच्या जागी. शेळी तीच, आमच्याकडची रोडकी. पण चौथा महिना लागला आणि तिच्या अंगावर तेज यायला लागलं. आमच्या दारातली, जी आधी काकूकडं धडधाकट होती, तिच्या मात्र फासळ्या दिसायला लागल्या.

का दिसायला लागल्या ते मला ठाऊक होतं. आत्याबाईंचा एक नियम होता. शेळी चौथ्या महिन्यात आली की तिचा चारा तोडायचा. मूठभर कडब्याचा पाला आणि पाणी. "पोटातलं वाढलं की अडतं," त्या म्हणायच्या. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांची एक आवडती शेळी होती. तिला त्यांनी लाडानं पहिल्यापासून ज्वारी चारली, रोज, पोटभर, बसल्या जागी. ती लठ्ठ झाली आणि व्यायच्या वेळी अडून गेली, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. तेव्हापासून गाभण शेळीला शेवटी कुणी चारायला लागलं की त्या टोपलं ओढून घ्यायच्या. मी त्यांना वाईट म्हणत न्हाई.

पण काकू काय करत होती? मी गेले की ती कोपऱ्यातल्या टोपल्यावर जल्दी जल्दी फडकं टाकायची. दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. चौथ्यांदा मी दाराशी खाकरले न्हाई. मांजरीसारखी आत गेले आणि फडकं उचललं.

आत करडीची पेंड. घाण्याभोवती सांडलेली, झाडून आणलेली, पाण्यात भिजवलेली. आणि बाजूला बाभळीच्या सुक्या शेंगा, कुटून.

काकू दारात उभी. तोंड पांढरं पडलेलं.

"सूनबाई, कुणाला बोलू न्हको. दीर माझा पेंडीचा खडा न् खडा बैलाला ठिवतो. झाडलोट मी करते, ती उचलते. त्याला कळलं तर खोलीबाहेर काढील."

"पण गाभण शेळीला पेंड? अडायची न्हाई का?"

"काय अडायचंय! पहिले साडेतीन महिने चरून यीती तेवढं बास. शेवटच्या दीड महिन्यात करडू खरं वाढतं. तवा तू न्हाई दिलं तर ते आईच्या हाडातलं घितं. मंग आई बी गेली, करडू बी गेलं, चीक कुठला यायचा? पण ढीग घालायचा न्हाई, बरं का. सकाळी मूठ, सांजच्याला मूठ. अन् रोज चालवून आणायची. बांधून खाऊ घातली की चरबी चढती, तीच अडती."

मी शेळीच्या पोटाला हात लावला. आत काहीतरी हललं, टणकन्. मला तेव्हा काय वाटलं सांगू? आनंद नंतर झाला. आधी वाटलं, हिनं मला आधी का न्हाई सांगितलं?

घरी आत्याबाईंनी फैसला करून टाकला होता. या खेपेलाही करडं मेली तर दोन्ही शेळ्या भोकरदनच्या बाजारात. खाटकाच्या हाती. "नुसत्या खुंट्याला बांधून शोभा कशाला?"

मंग मी काय केलं असेल? आमच्याकडं तुरीची डाळ भरडली की खाली चुनी पडायची, ती म्हशीसाठी एका माठात भरून ठेवलेली असायची. आत्याबाई शेतात गेल्या की मी मूठभर चुनी पदराच्या टोकाला बांधायची, पाण्यात कालवायची, आणि वर कडब्याचा पाला पसरून शेळीपुढं ठेवायची. सकाळी मूठ, संध्याकाळी मूठ. ओढ्यावर जाताना लांबच्या वाटेनं न्यायची, बाभळीखालून. शेंगा ती आपली आपण वेचायची.

आत्याबाईंना काही कळत नव्हतं असं तुला वाटत असेल, तर तू त्यांना ओळखत न्हाईस. आठ दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की माठ खाली चाललाय. मंग त्यांनी चुनी सपाट केली आणि तिच्यावर आपला पंजा दाबून ठेवला, पाचही बोटं उमटवून. कुणी हात घातला की ठसा मोडणार. मी ते पाहिलं आणि हात मागं घेतला. पण शेळी दारात उभी, कान टवकारून. मी मूठ काढली, चुनी परत सपाट केली आणि माझा पंजा दाबला.

माझा पंजा त्यांच्यापेक्षा लहान. हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई, बघ.

दुसऱ्या दिवशी त्या माठावर वाकून कितीतरी वेळ बसल्या. मंग म्हणाल्या, "हा हात माझा न्हाई. बारीक हात हाय." आणि माठ झाकत, "काल तेल घेऊन कोण आल्ती?"

मी भाकरी थापत होते. माझे हात पिठात, त्यांच्या डोळ्यासमोर. त्यांनी बघितलंसुद्धा न्हाई. सून माझी गरीब गाय, असं त्या गावभर सांगायच्या.

त्या तशाच निघाल्या. मी मागून गेले, पीठभरल्या हातांनीच. घाण्यापाशी बायका तेलाला आलेल्या, दीर बैलामागं उभा. आत्याबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं.

"काय गं ए, माझ्या माठातली चुनी गोड लागती का तुला?"

काकू म्हणाली, "कोणती चुनी, अक्का?"

"मंग ती रोडकी शेळी दीड महिन्यात कशी फुगली? काय चारतीस तिला? सांग की. समद्यांसमोर सांग."

एक बाई फिसकन् हसली. दुसरी म्हणाली, "अक्का, हातच बघा की तिचा, केवढा हाय." काकूनं दिराकडं पाहिलं. पेंडीचं नाव काढलं तर आज रात्री खोली न्हाई. न काढलं तर ती चोर. तिनं मंग माझ्याकडं पाहिलं. मी आत्याबाईंच्या मागं उभी होते, पाच हात अंतरावर. एक शब्द बोलायचा होता. माठातला हात माझा, एवढंच. पण बोलले की शेळीची मूठ बंद, आणि दिवस भरायला उरलेले बारा. मी मनात दिवस मोजले, बाई. तिच्या तोंडाकडं बघत बघत दिवस मोजले.

काकू म्हणाली, "पाला चारते." आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून तिचं तेल कुणी दारात घेईना. दिराचा माणूस तेल पोचवायला लागला.

बाराव्या नव्हे, दहाव्याच दिवशी आमची शेळी व्याली. दुपारच्या वेळी, उन्हात. अडली न्हाई. दोन करडं, काळी, वजनदार, उचलताना हाताला ओढ लागावी अशी. आत्याबाईंनी कापडानं पुसली, त्यांच्या नाकात फुंकर घातली, आणि चीक ओढताना करडांच्या शेपट्या हलायला लागल्या तशा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, आता आपण सांगून टाकू. तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"बघितलंस? म्या काय म्हणले व्हते! ही खरी आपली शेळी. तिनं बदलली व्हती ती हीच."

"पण आत्याबाई, काकूकडची पण चांगलीच दिसतीय..."

"दिसनार न्हाई तर काय! आपल्या चुनीवर वाढली ती."

सगळं बराबर बसलं त्यांच्या हिशोबात. एकही गोष्ट बाहेर राहिली न्हाई. तिसऱ्या दिवशी काकूकडची व्याली, तिलाही दोन चांगली करडं. आत्याबाई म्हणाल्या, करडं पाच दिवसांची झाली की खुणेसाठी कान कातरायला जाऊ, तेव्हा दोन्ही करडं अन् शेळी घेऊन येऊ. चोराला वाटा कसला? अर्धल मोडली.

पाचव्या दिवशी त्या कात्री घेऊन निघाल्या तेव्हा मी दार अडवलं. मी असं कधी केलं नव्हतं. हात धरून त्यांना माठापाशी नेलं, चुनी सपाट केली आणि माझा पंजा दाबला. मंग शिंगावरच्या रेघांचं सांगितलं, मुठीचं सांगितलं. दिराच्या पेंडीचं तेवढं पोटात ठेवलं, ते माझं नव्हतं सांगायचं.

आत्याबाई खाली बसल्या. माझ्या ठशावर आपला पंजा ठेवून बघितला. मारलं असतं तर बरं झालं असतं. मंग म्हणाल्या, "म्हंजे चोर म्हणले ती माझ्याच चुलीपाशी व्हती." आणि कात्री माझ्या हातात दिली. "जा. एक करडू तिचं, तिच्या खुणेनं कातर. अन् तिला म्हणावं, पुढल्या खेपेलाबी शेळी तिच्याकडंच. म्या घाण्यावर जाऊन समद्यांत सांगते चुनीचं." त्या गेल्याही. सांगितलंही. तशा त्या सरळ बाई होत्या.

मी काकूच्या खोलीत गेले. ती शेळीपाशी बसली होती. मी सगळं बोलले, रडले, पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. वाट्याचं करडू तिनं उचलून घेतलं, कान कातरून घेतला. मंग शेळीचं दावं सोडलं आणि माझ्या हातात दिलं.

"ही तुझी. दुसरं करडू बी ने. माझी अर्धल सरली."

"काकू, आत्याबाईंनी सांगितलंय, शेळी तुमच्याकडंच..."

"अक्काचा राग न्हाई मला. तिला ठाऊक नव्हतं म्हून तिनं शक घेतला. तुला ठाऊक व्हतं." आणि करडाला मांडीवर घेऊन म्हणाली, "त्या दिशी तू तिथंच उभी व्हतीस."

ती पुन्हा आमच्या दारात आली न्हाई. म्हैस व्याली तेव्हा मी खरवस नेला वाटीत. तिनं दारातच घेतला, आणि सांजेला वाटी धुऊन परत पाठवली. रिकामी. आपल्याकडं भांडं रिकामं परत करत न्हाईत, चिमूटभर साखर तरी घालतात, तुला ठाऊक आहे. तिच्या त्या एका करडाच्या पुढं पाच शेळ्या झाल्या, सगळं गाव तिच्याकडून करडं न्यायचं. मी ओढ्यावर तिच्या शेळ्या बघायची, लांबून. तिला कधी विचारावंसं वाटायचं, बाभळीच्या शेंगा भिजवाव्या की कुटाव्या, पण वाट ओलांडून जायला पाय उचलला न्हाई. ती वाट अडीचशे पावलांची असेल. वर्षं निघून गेली त्यात.

म्हणून तुला सांगते. त्या माणसाला चोर म्हणायच्या आधी शेवटच्या दीड महिन्यात तू काय चारलंस ते आठव. मूठ सकाळी, मूठ संध्याकाळी, रोज चालवायची, आणि पाणी भरपूर. आणि त्याला काही बोलली असशील, तर जाऊन तोंडावर सांग की माझं चुकलं. निरोप धाडू नको. आणि माझी बोलणी लागली म्हणून इकडं येणं टाळू नको, काम निघालं, शेळ्या आहेत, पोरं आहेत, असं म्हणत. येत्या अमावास्येच्या आत ये, माझी करडं चार दिवसांची होतील तोवर, पाचव्या दिवशी कान कातरायला तू जवळ हवीस. ये बाई, लौकर ये.